लिव्हर कधीपासून टेकतोय

नवरात्र बसायच्या आदल्या शनिवारी गाडी, म्हणजे माझी बिनगिअरची स्कूटर, सर्व्हिसिंगला दिली होती. तक्रार अशी काही नव्हती. दसऱ्याला धुऊन-पुसून हार घालायचा, तर आतूनही ती जरा बरी असावी, इतकंच. संध्याकाळी आणायला गेले तर गाडी अजून उघडीच. गॅरेजवाल्यांनी डावा लिव्हर काढून बाजूला ठेवला होता आणि मागच्या ब्रेकची वायर दोन बोटांत धरून ते माझीच वाट बघत होते. "ताई, हे बघा." बघितलं. वायरीच्या टोकाला जी धातूची बारकी गोळी असते, ज्याला ते निपल म्हणतात, तिच्या बरोबर तोंडाशी पिळाच्या तारा सुटून पिंजारल्या होत्या, दात घासायच्या जुन्या ब्रशासारख्या. मी मोजल्या. नऊ तुटलेल्या. "दहा राहिल्यात," ते म्हणाले, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "लिव्हर मुठीला कधीपासून टेकतोय?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी काही रागानं विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतात तसं, कामापुरतं. पण परत रिक्षानं येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. रोज पुण्यात सिंहगड रस्त्यावरून कर्वे रस्त्याला जाते, येते. एका फेरीत तो लिव्हर मी किती वेळा दाबत असेन? प्रत्येक सिग्नल, प्रत्येक खड्डा, आडवी घुसणारी प्रत्येक रिक्षा. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा माझी चार बोटं त्या दांड्याशी बोलत होती आणि तो रोज केसभर जास्त आत येत होता. बोटांनी ते केसभर गपचूप सामावून घेतलं आणि मला कळवलंच नाही. नंतर आठवलं की जुलैत पंक्चर काढायला थांबले होते तेव्हा तिथल्या मुलानं न सांगता मागच्या चाकाजवळचा ब्रेकचा नट दोन बोटांनी आवळून दिला होता. "ब्रेक लूज होता, मॅडम." मी त्याला वर दहा रुपये दिले. त्या दहा रुपयांत वायरीची तक्रार आणखी तीन महिने दाबली गेली.

हे मला लागलं, कारण मी चेतकवाल्या घरातली मुलगी आहे. साताऱ्यात आमच्याकडे बजाजची चेतक स्कूटर आली तेव्हा मी दुसरीत होते. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की गाडी आल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं असावं. आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण त्या गाडीत जवळजवळ सगळं तारेवर चालायचं. डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ पिळून गिअर. गिअरच्या दोन तारा, कारण तारेला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. एकीनं वर न्यायचं, दुसरीनं खाली आणायचं. उजवीकडे एक्सिलेटरची तार आणि पुढच्या ब्रेकची. पायातला मागचा ब्रेक, तोही तारच. शिवाय स्पीडोमीटरची, ती बिचारी ओढत नाही, आपल्या नळीत गोल गोल फिरते. हँडलवरच्या तारा त्याच्या मानेतून आत शिरायच्या आणि पत्र्याच्या पोटात नाहीशा व्हायच्या. अण्णांचा एक ठरलेला रिवाज होता. सकाळी गाडी अंगणात काढली की किक मारायच्या आधी दोन्ही लिव्हर एकदा दाबून सोडायचे. किक मारून गाडी आडवीतिडवी फुरफुरून शांत झाली की हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आम्हा भावंडांना वाटायचं, गाडी मान हलवून नको नको म्हणतेय. ते मात्र तेव्हा कान देऊन ऐकत असायचे. हँडल फिरवताना इंजिनाचा आवाज चढला तर एक्सिलेटरची तार कुठेतरी ताणली जातेय, चुकीच्या वाटेनं गेलीय. अशा गाडीचं वळणावर आपोआप एक्सिलेटर वाढतं, आणि तेही नेमकं जिथे वेग नको तिथे. हे मला पुढे पंचविशीत कळलं. तोवर ते माझ्या लेखी अण्णांचं एक वेड होतं, चहात दोनदा बिस्किट बुडवण्यासारखं.

डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तारेचं एक वेटोळं कायम असायचं. प्लग, पाना, पक्कड, जुन्या बनियनचं फडकं आणि ते वेटोळं. ते पहिल्यांदा उघडलेलं मी पाहिलं पसरणीच्या घाटाखाली. वाई सोडून पाचगणीला निघालो होतो. मी पुढे उभी, मागे आई एकबाजूनं आणि तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. चढ सुरू व्हायच्या जरा आधी अण्णांच्या डाव्या हातात 'टक्' असा लहानसा आवाज झाला. काडी मोडावी एवढाच. आणि लिव्हर ढिला पडला, वाऱ्यानं दार हलावं तसा नुसताच हलायला लागला. क्लचशिवाय गाडी नेणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. पहिल्या गिअरमध्ये ढकलायची, धावत टांग टाकायची, पुढे आवाजाच्या अंदाजानं गिअर टाकत जायचं. अण्णांनाही ते येत असणार. पण गाडीवर आम्ही तिघं आणि पुढे घाट. ते एक शब्द न बोलता उतरले, गाडी एका वडाखाली घेतली, तिरकी करून दगडाला टेकवली. झाकणातून पेट्रोल पाझरलं. तो वास, वडाच्या सावलीतला ओला गारवा आणि आईच्या पिशवीतले मेथीचे ठेपले, हे तिन्ही माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात आहेत.

तुटलेली तार त्यांनी खालच्या बाजूनं पकडीनं ओढून काढली. हातानं नाही. पिंजारलेल्या तारेला हात लावायचा नाही हे ते आम्हाला सांगत होते, आणि सांगता सांगताच घाईत स्वतःच एक टोक अंगठ्यात घुसवून घेतलं. बारीक तार कातडीत शिरते ती दिसत नाही, नुसतं रक्ताचं टिपूस येतं आणि आठवडाभर ठणकतं. मग नवी तार. ती त्यांनी आधी तेलाच्या फडक्यातून पूर्ण ओढून घेतली, गोधडीच्या दोऱ्याला मेण लावतात तशी. वरून आत सारताना तार बोटांत फिरवत होते, पिळाच्या दिशेनं. उलट फिरवली तर पीळ उकलतो आणि टोक आत कुठेतरी अडतं. त्या टोकाला डाख दिलेला असतो तो याचसाठी. तार खालून बाहेर आली, चिमटीत आवळली, आणि मग अण्णांनी खिशातून आठ आण्याचं नाणं काढलं. मला वाटलं, सुपारी-नारळासारखं काहीतरी ठेवणार. त्यांनी ते लिव्हर आणि त्याच्या खोबणीच्या मधे सरकवलं. नाणं जाईल एवढी फट राहिली पाहिजे. "एवढी सैल कशाला ठेवायची?" मी विचारलं असणार, कारण त्यांचं उत्तर आठवतंय. "कुत्र्याची साखळीसुद्धा इतकी ताणून बांधत नाहीत."

कारण पुढे समजलं. क्लचची तार अगदी ताणून ठेवली तर क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, जळतात. ब्रेकची ताणली तर लायनर ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, गाडी ओढत नाही आणि आपण पेट्रोलला शिव्या घालतो. आणि फार सैल ठेवली तर गरजेच्या वेळी अर्धी मूठ नुसती ढील गोळा करण्यात जाते. ती दोन-तीन मिलिमीटरची फट हा सगळा हिशेब आहे. मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात. खेळ. शब्द बरा आहे.

या तारेची मूळ युक्ती मला पायजम्याच्या नाडीवरून उमगली, आणि मला वाटतं ती मराठी माणसाला दुसऱ्या कशानं इतकी चटकन कळणार नाही. नाडीचं एक टोक अडकवून दुसरं ओढलं की काय होतं? नेफा गोळा होतो. चुण्या पडून सगळं कापड आपल्या हाताशी येतं, पलीकडचं टोक जागचं हलतच नाही. आता समजा नेफा असा केला की तो वाकेल, पण दबणार नाही. मग गोळा व्हायला जागा नाही, आणि ओढ सरळ पलीकडच्या टोकाला पोचते, मधे कितीही वळणं असोत. आपल्या गाडीतली काळी नळी म्हणजे हा न दबणारा नेफा. वरून प्लॅस्टिक दिसतं, आत पोलादी तारेची अंगाला अंग लावून बसलेली वेटोळी असतात, आणि आपण लिव्हर दाबतो तेव्हा आतली तार ताणली जाते तितक्याच जोरानं बाहेरची नळी दाबली जाते. इंग्लंडात १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन नावाच्या माणसानं याचं पेटंट घेतलं. गंमत अशी की सायकली बनवणाऱ्या रॅले कंपनीच्या मालकाचं नावही बाउडेनच, फ्रँक बाउडेन. त्यामुळे श्रेय बरेचदा भलत्याच्याच खात्यावर जमा होतं. दोघांचं जवळचं नातं असल्याचं कुठे आढळत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि दुकानात आपण अजूनही त्याचीच युक्ती मागतो. नाव मात्र घेतो 'क्लच वायर'चं.

वळणं चालतात म्हटलं तरी फुकट चालत नाहीत. प्रत्येक वळणावर तार नळीला घासते आणि हे घासणं बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. लांबलचक पण सैल वळणाची तार हलकी चालते, आणि तेवढीच तार एका ठिकाणी कोपऱ्यासारखी मोडली की हात दुखवते. म्हणून जुने मेकॅनिक नवी तार टाकताना जुनीच्या वाटेनंच टाकतात, जुन्या नळीच्या शेपटीला नवी बांधून ओढून घेतात. कंपनीनं जिथून नेली तिथून. आणि आपण काय करतो? हँडलला मोबाइलचा स्टँड लावतो, तो तारांच्या अंगावर आवळतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळ्या तारा एकत्र करकचून बांधतो, छान दिसतात म्हणून. दसऱ्याचा हार सोडताना दोरा तसाच गुंडाळलेला ठेवतो, दिवाळीपर्यंत त्यावर झेंडूचं देठ वाळत असतं. भाजीच्या पिशव्या हँडलला लटकवतो. मीही लटकवते, उगाच शहाणपण नको. धुण्याच्या सेंटरवर तो पोरगा पाण्याचा फवारा नेमका लिव्हरच्या तोंडात मारतो, आपण समोर उभे राहून समाधानानं बघतो. वंगण बाहेर, पाणी आत. पाऊस असतोच वर.

पावसाळा संपला की अण्णा तारांना तेल पाजायचे. 'पाजायचे' हा त्यांचाच शब्द. वरून तार सोडवायची, नळीच्या तोंडाला दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून रबरानं बांधायचा, त्यात शिलाई मशीनचं तेल. रात्रभर तसंच. सकाळी खालच्या टोकाखाली ठेवलेल्या करवंटीत काळपट, गंजाच्या रंगाचे दोन-चार थेंब दिसले की ते खूश. खंडेनवमीला पाटावर पाना-पक्कड मांडायचे, तोवर हे काम झालेलं असायचं. त्या तेलाचा वास आणि झेंडूचा वास माझ्यासाठी एकाच सणाचे आहेत. गॅरेजवाल्यांना मी मोठ्या उत्साहानं ही करवंटीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, हसले, म्हणाले, "ताई, आताच्या वायरीत आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. तेल घातलं की धूळ धरते, चिखल होतो. ती कोरडीच बरी. निपलला आणि लिव्हरच्या पिनेला मात्र टिपूसभर ग्रीस लावायचं." आणि ते म्हणत होते ते माझ्या तुटलेल्या वायरीला तंतोतंत लागू होतं. गोळी लिव्हरच्या घरात सहज फिरली पाहिजे. ती वाळून जाम झाली की लिव्हर दाबताना गोळी फिरत नाही, तारच तिच्या तोंडाशी वाकते. हजारो वेळा, त्याच एका ठिकाणी. तार एरवी कितीही जोर सहन करते, पण एकाच जागी वाकणं नाही. मधे सहसा तुटत नाही ती, तोंडाशीच तुटते. मला थोडं वाईट वाटलं. वायरीचं नाही, करवंटीचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी हसण्यावारी नेली नाही. एक्सिलेटरची तार. ब्रेकची तुटली तर दुसरा ब्रेक असतो, क्लचची तुटली तर रस्त्याच्या कडेला बसावं लागतं. एक्सिलेटरची तुटून मोकळी झाली तर गाडी मंदावते, वाचलात. पण अर्धी तुटून एखादी तार नळीच्या आत उलटी अडकली, तर मूठ सोडूनही एक्सिलेटर मागे येत नाही. मागे आणणारी फक्त एक स्प्रिंग, पलीकडच्या टोकाला. ती काय काय ओढणार? काही मोटारसायकलींना म्हणूनच दोन तारा असतात, एक उघडायला, एक मिटायला. माझ्या मामेभावाची गाडी अशी एकदा कात्रजच्या उतारावर पळत राहिली. तो दोन्ही ब्रेक दाबत होता आणि गाडी ब्रेकशी भांडत होती. शेवटी किल्ली फिरवली तेव्हा सुटला. किल्ली आधी का नाही फिरवली, तर म्हणाला, सुचलं नाही. मूठ महिनाभर जड लागत होती, हेही त्याला नंतरच सुचलं. गाडी उभी असताना मूठ पिळून सोडावी, ती 'टप्' असा आवाज करत स्वतःहून मागे आली पाहिजे. रेंगाळत आली तर त्या दिवशी रिक्षा करावी.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचं उजव्या हाताचं अनामिकेचं बोट अडकायला लागलं. मिटायचं ते उघडायचं नाही. दुसऱ्या हातानं उघडलं की 'कट्' असा आवाज व्हायचा. मीच त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टर तरुण, समजावून सांगणारे. म्हणाले, याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट मिटणारा दोर तळहातातून एका म्यानातून जातो, त्या दोरावर गाठीसारखी सूज आली की म्यानाच्या तोंडाशी अडकतो. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे आउटरमध्ये इनर अडकलाय." डॉक्टरांना चेतक माहीत असण्याचं वय नव्हतं, पण ते हसले. अण्णा पुढे म्हणाले, "मग तेल पाजून बघा." तेल नव्हे, पण म्यानात एक इंजेक्शन दिलं, आणि त्यानं बराच फरक पडलाही. त्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून आहे हे? अण्णांनी बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रोज सकाळी दोन्ही लिव्हर दाबून सोडणारा माणूस. त्यांना सांगता येईना. घरी आल्यावर आईला विचारलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "दसऱ्याला सोनं देत होते तेव्हाच तीन बोटांत पान धरलं होतं की. आता वर्ष होईल." मग बोलली का नाहीस? "मला वाटलं, त्यांना माहीत असेल. बोट त्यांचं आहे."

नवी वायर टाकून गाडी हातात आली तेव्हा पहिल्याच सिग्नलला मी जवळजवळ पुढच्या रिक्षावर कपाळ आपटलं. माझा हात जुन्या खोलीपर्यंत दाबायला गेला आणि ब्रेक निम्म्यातच लागला. मागचा मोटारसायकलवाला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस गाडी परक्याची वाटत होती. कडक, अंगावर येणारी. घरी मुलाला म्हटलं, जरा जपून दाब, ब्रेक बदललाय. तो म्हणाला, "बरं झालं. गणपतीच्या आधीपासून तो पार मुठीला टेकत होता." मग सांगायचं नाहीस? त्यानं फोनमधून मान वर केली. "मला वाटलं, तुला तसाच आवडतो."

दसऱ्याला साताऱ्याला गेले तेव्हा जुनी तार पिशवीत होती. का नेली कोण जाणे, गॅरेजवाले टाकणार होते म्हणून मागून घेतली. अण्णांनी ती खिडकीपाशी नेली. चष्मा शोधला नाही, नुसती बोटांतून सरकवत गेले, सावकाश, आणि निपलपाशी बरोबर थांबले. "मागची का?" हो. "बदललीस ना?" बदलली. त्यांनी दहा तारांवर उभं असलेलं ते टोक दोनदा वाकवून बघितलं आणि पकडीनं तेवढंच तोडून टाकलं. मग उरलेली तार घेऊन परसात गेले. दोडक्याचा वेल मांडवावरून पलीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीवर निघाला होता, त्याला इकडे ओढून घ्यायला त्यांना तार हवीच होती. मी वेल धरून उभी राहिले. त्यांनी गाठ मारली, अनामिका जरा बाजूला ठेवून, आणि वेल नि तार यांच्या मधे बोट घालून थोडी सैल केली.